टोयोटाची शिस्त विद्यापीठाच्या वर्गात

कारखान्यातून आलेला ‘लीन’ विचार आणि संगणक क्षेत्रातून आलेला ‘अ‍ॅजाइल’ विचार उच्च शिक्षणात कोठे उपयोगी पडतो आणि कोठे घातक ठरू शकतो, याचा हा आढावा.

व्यवस्थापनशास्त्रातील एखादी संकल्पना शिक्षणक्षेत्रात शिरू पाहते तेव्हा प्राध्यापकवर्गाच्या कपाळावर आठ्या उमटतात, आणि त्या विनाकारण नसतात. ‘कार्यक्षमता’ हा शब्द विद्यापीठाच्या प्रांगणात बहुधा रिक्त पदे न भरण्याची सबब म्हणूनच ऐकू येतो. विद्यार्थी म्हणजे ग्राहक, पदवी म्हणजे उत्पादन आणि विभागप्रमुख म्हणजे शाखा व्यवस्थापक, असली भाषा सुरू झाली की शिकवणे मागे पडते आणि तक्ते भरणे पुढे येते, हा अनुभव अनेकांनी घेतला आहे. तरीही गेल्या दोन-अडीच दशकांत ‘लीन’ आणि ‘अ‍ॅजाइल’ हे दोन शब्द जगातील अनेक विद्यापीठांत रुजले आहेत. त्या नावाखाली जे चालते त्यातील बराचसा भाग कार्यालयीन कामकाजाचा आहे. मात्र जो थोडा भाग प्रत्यक्ष वर्गापर्यंत पोहोचतो, तो आपल्या पदवी शिक्षणाच्या दृष्टीने फार महत्त्वाचा आहे.

तुटलेला धागा आणि थांबलेला माग

या विचाराचे मूळ मोटारींच्याही आधीचे, कापडाच्या धंद्यातले आहे. जपानमधील साकिची टोयोडा यांनी १९२४ मध्ये पूर्णत्वास नेलेल्या स्वयंचलित मागाचे एक वैशिष्ट्य होते. धागा तुटला की माग आपोआप थांबे. अशी सोय नसलेल्या यंत्रमागांवर धागा तुटल्याचे विणकराच्या लक्षात येईपर्यंत सदोष कापड विणले जात राही. यंत्र स्वतःच थांबू लागल्याने चूक घडण्याची वेळ आणि ती कळण्याची वेळ यांतील अंतर जवळजवळ संपले. एका कामगाराला अनेक माग सांभाळता येऊ लागले, हा त्याचा पुढचा फायदा.

हेच तत्त्व पुढे टोयोटा मोटार कंपनीत ताईची ओह्नो यांनी जुळणीच्या साखळीवर आणले. साखळीवरील कोणत्याही कामगाराला दोष दिसला, तर त्याने डोक्यावरची दोरी ओढायची. दिवा लागतो, प्रमुख धावत येतो, आणि अडचण वेळेत सुटली नाही तर साखळीच थांबते. या व्यवस्थेला जपानीत ‘अँडन’ म्हणतात. ओह्नो यांनी वाया जाणाऱ्या श्रमांचे आणि साधनांचे सात प्रकार सांगितले. गरजेपेक्षा जास्त उत्पादन, वाट पाहणे, अनावश्यक वाहतूक, अनावश्यक प्रक्रिया, साठा, अनावश्यक हालचाल आणि सदोष माल असे ते सात. या नासाडीला त्यांचा शब्द ‘मुदा’. त्यातही गरजेपेक्षा जास्त उत्पादन हा प्रकार त्यांना सर्वांत वाईट वाटे, कारण बाकीची बहुतेक नासाडी त्याच्या पोटी जन्म घेते आणि त्याच्याच ढिगाखाली दडून राहते.

या पद्धतीला ‘लीन’ हे नाव जपान्यांनी दिलेले नाही. अमेरिकेतील एमआयटीमध्ये मोटार उद्योगाचा अभ्यास करणाऱ्या गटातील जॉन क्रॅफचिक यांनी १९८८ मधील एका लेखात ते वापरले आणि १९९० मध्ये त्याच गटातील जेम्स वोमॅक, डॅनियल जोन्स आणि डॅनियल रूस यांच्या पुस्तकाने ते जगभर नेले. इंग्रजीत त्याचा अर्थ सडपातळ. त्यामुळे ऐकणाऱ्याला काटछाट आठवते आणि गैरसमजाची सुरुवात तेथूनच होते. मराठीत मात्र लीन म्हणजे नम्र. हा निव्वळ योगायोग, पण ओह्नो यांच्या पद्धतीला आपला अर्थ अधिक शोभतो. दोष साखळीवरच्या कामगाराला साहेबाच्या आधी दिसतो, हे मान्य करायला साहेबाच्या अंगी नम्रताच लागते.

‘अ‍ॅजाइल’ हा त्यामानाने धाकटा भाऊ. फेब्रुवारी २००१ मध्ये अमेरिकेच्या युटा राज्यातील स्नोबर्ड येथे १७ संगणकतज्ज्ञ जमले आणि त्यांनी एक छोटा जाहीरनामा लिहिला. तोपर्यंतची रूढ पद्धत अशी, की ग्राहकाच्या गरजा आधी पूर्ण लिहून काढायच्या, मग आराखडा, मग प्रत्यक्ष काम आणि सर्वांत शेवटी चाचणी. वर्ष-दोन वर्षांनी माल हाती येई तेव्हा ग्राहकाची गरजच बदललेली असे. त्याऐवजी दोन-चार आठवड्यांत चालू शकेल असा छोटा भाग तयार करावा, तो ग्राहकाला दाखवावा आणि त्याचे ऐकून पुढचा भाग ठरवावा, हे या मंडळींचे म्हणणे. पुणे, मुंबईतील माहिती तंत्रज्ञान कंपन्यांत काम करणाऱ्या वाचकांना ही कार्यपद्धती नव्याने सांगण्याची गरज नाही. त्यांची सकाळ बहुधा उभ्या उभ्या होणाऱ्या पंधरा मिनिटांच्या बैठकीनेच सुरू होते.

‘पोर्शन’ नावाचे जादा उत्पादन

आता हीच नजर घेऊन पदवीच्या वर्गात डोकावू. महाविद्यालयात सत्राच्या अखेरीस ऐकू येणारा सर्वांत परिचित प्रश्न ‘पोर्शन संपला का?’ हा असतो. विद्यार्थ्यांना किती उमगले, हा प्रश्न त्याच्या आड झाकला जातो. प्राध्यापक ठरलेल्या गतीने धडे पुढे नेतात, वह्या भरतात, आणि न समजलेल्या गोष्टींचा साठा प्रत्येकाच्या डोक्यात वाढत जातो. ओह्नो यांच्या भाषेत हे सरळसरळ जादा उत्पादन आणि साठा. तिसऱ्या आठवड्यात तुटलेला धागा सोळाव्या आठवड्यात परीक्षेच्या वेळी दिसतो. निकाल लागतो तेव्हा तर विद्यार्थी पुढच्या सत्रात गेलेला असतो आणि ते कापड उलगडून पुन्हा विणण्याची सोय उरलेली नसते. एटीकेटी ही सदोष माल दुरुस्तीसाठी बाजूला काढून ठेवण्याचीच व्यवस्था म्हणायची, फरक एवढाच की दुरुस्ती ज्याची त्याने घरी करायची.

वर्गात दोरी नसते असे नाही. ‘समजले का?’ असे प्राध्यापक विचारतात, ती दोरीच. पण ती कोणी ओढत नाही. साठ-सत्तर जणांसमोर हात वर करून ‘मला समजले नाही’ म्हणण्याचे धाडस फारच थोड्यांत असते. शिवाय अनेकदा आपल्याला समजलेले नाही हेच विद्यार्थ्याला ठाऊक नसते. येथे कारखान्यापेक्षा वर्गाचे काम अवघड आहे. तुटलेला धागा डोळ्यांना दिसतो. चुकीची समजूत ज्याच्या डोक्यात असते त्यालाही दिसत नाही.

याचे गाजलेले उदाहरण हार्वर्ड विद्यापीठातील भौतिकशास्त्राचे प्राध्यापक एरिक माझूर यांचे. १९८४ पासून ते तेथे शिकवत होते. विद्यार्थी त्यांच्यावर खूश होते आणि परीक्षेतील अवघड गणितेही सोडवत होते. त्याच सुमारास, १९८५ मध्ये, अ‍ॅरिझोना स्टेट विद्यापीठातील इब्राहिम हालून आणि डेव्हिड हेस्टेनिस यांनी बलाच्या मूलभूत कल्पनांवर साध्या शब्दांतील चाचणी घेऊन असे दाखवले होते, की पदवीचा अभ्यासक्रम पूर्ण करूनही विद्यार्थ्यांच्या जुन्या चुकीच्या समजुती फारशा हलत नाहीत. माझूर यांच्या वाचनात हे काही वर्षांनी आले. आपल्या वर्गात असे होणार नाही या खात्रीने त्यांनी ती चाचणी घेतली. तेव्हा एका विद्यार्थिनीने त्यांना विचारले, की उत्तरे तुम्ही शिकवले त्याप्रमाणे लिहायची की मला खरोखर वाटते त्याप्रमाणे? जड ट्रक आणि हलकी मोटार यांची धडक झाली तर कोण कोणावर अधिक बल लावते, अशा धर्तीचे ते प्रश्न. न्यूटनचा तिसरा नियम सर्वांना तोंडपाठ होता. तरीही अनेकांच्या मते ट्रकचेच बल अधिक होते.

माझूर यांनी १९९१ पासून शिकवण्याची रीत बदलली. पुस्तकातील भाग विद्यार्थ्यांनी आधी वाचून यायचा. वर्गात काही मिनिटांचे विवेचन झाले की कल्पना तपासणारा एक बहुपर्यायी प्रश्न फळ्यावर येतो. प्रत्येकाने आपले उत्तर स्वतंत्रपणे नोंदवायचे. साधारण ३० टक्क्यांहून कमी उत्तरे बरोबर आली तर तो भाग पुन्हा समजावायचा. ७० टक्क्यांच्या वर गेली तर पुढे जायचे. मधल्या परिस्थितीत शेजाऱ्याला आपले म्हणणे पटवून द्यायचे आणि मग पुन्हा उत्तर द्यायचे. दुसऱ्या फेरीत बरोबर उत्तरांचे प्रमाण बहुधा वाढते, कारण नुकतेच समजलेल्या विद्यार्थ्याला आपण नेमके कोठे अडलो होतो ते ताजे आठवत असते. प्राध्यापकाला ते कधीच विसरायला झालेले असते.

माझूर यांनी टोयोटाकडून काही उसने घेतले असे म्हणता येणार नाही. ते आपल्या वर्गातील अनुभवातून तेथे पोहोचले. पण याच काळातील दुसऱ्या एका पद्धतीने नावच उद्योगातून घेतले. ‘जस्ट इन टाइम’ म्हणजे सुटा भाग हवा तेव्हाच आणि हवा तेवढाच साखळीवर आणण्याची टोयोटाची रीत. अमेरिकेतील इंडियानापोलिस येथील विद्यापीठात आणि तेथील हवाई दलाच्या अकादमीत १९९० च्या दशकात भौतिकशास्त्राच्या काही प्राध्यापकांनी ‘जस्ट इन टाइम टीचिंग’ सुरू केले आणि १९९९ मध्ये ग्रेगर नोव्हाक व त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यावर पुस्तक लिहिले. तासाच्या काही वेळ आधीपर्यंत विद्यार्थ्यांनी दोन-तीन प्रश्नांची उत्तरे संगणकावर पाठवायची. प्राध्यापक ती वाचून त्या दिवशीचा तास आखतात. जे सर्वांना आले आहे त्यावर वेळ घालवायचा नाही, जेथे घोळ आहे तेथे थांबायचे. विद्यार्थ्यांचीच, नावे न देता निवडलेली उत्तरे फळ्यावर मांडून चर्चा करायची. गेल्या वर्षीच्या पिवळ्या पडलेल्या टिपणांवरून तास घेण्याची सोय मात्र येथे राहत नाही.

या साऱ्याचा परिणाम मोजला गेला आहे का? विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी आणि गणित या विषयांच्या पदवी वर्गांवरील २२५ अभ्यासांचा एकत्रित आढावा स्कॉट फ्रीमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केला. निव्वळ व्याख्यानाच्या वर्गांत अनुत्तीर्णांचे सरासरी प्रमाण ३३.८ टक्के होते. विद्यार्थ्यांना तासातच काम करायला लावणाऱ्या वर्गांत ते २१.८ टक्के निघाले. शंभरांच्या वर्गात बारा जणांचे वर्ष वाचणे ही लहान गोष्ट नव्हे. आपल्याकडे आयआयटी मुंबईत संगणकशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या मोठ्या वर्गात आधी एकट्याने, मग जोडीने आणि शेवटी सर्वांनी मिळून विचार करण्याची पद्धत वापरली गेली. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निरीक्षणांत अशा उपक्रमांच्या वेळी सरासरी ८३ टक्के विद्यार्थी कामात गुंतलेले आढळले. मोठ्या वर्गात असे काही जमत नाही, हा नेहमीचा आक्षेप त्यामुळे निदान तपासून घ्यावा लागतो.

अ‍ॅजाइलचा थेट प्रयोग नेदरलँड्समधील ‘एड्यूस्क्रम’ या नावाने ओळखला जातो. विली विनांड्स या रसायनशास्त्राच्या शिक्षकांनी तो आल्फेन आन डेन राइन गावातील शाळेत सुरू केला. शाळेचे नाव ‘आश्रम कॉलेज’, हे वाचून मराठी वाचकाला गंमत वाटेल. चार-पाच विद्यार्थ्यांचा गट, भिंतीवर करायच्या, चालू असलेल्या आणि झालेल्या कामांचा फलक, आणि दर थोड्या दिवसांनी ‘आपण कसे काम केले’ याची चर्चा, असे त्याचे स्वरूप. विद्यापीठांतील प्रकल्पांच्या विषयांत ही पद्धत सहज बसते. मात्र सैद्धांतिक विषयात नुसता रंगीत चिठ्ठ्यांचा फलक लावून फारसे साधत नाही. तेथे खरी उपयोगी गोष्ट छोट्या टप्प्यांची आहे. एक मोठी परीक्षा शेवटी घेण्याऐवजी दर दोन आठवड्यांनी छोटे काम, आणि त्यावरील शेरा पुढचे काम सुरू होण्यापूर्वी हातात.

हेच अभिप्रायाबाबत. आपल्याकडे विद्यार्थ्यांचे अभिप्राय-अर्ज बहुधा सत्राच्या शेवटी भरून घेतले जातात. त्यातून काही सुधारणा झालीच तर तिचा लाभ पुढच्या तुकडीला, आणि न झाल्यास अर्ज ‘नॅक’च्या फायलीत. चौथ्या आठवड्यात दोनच प्रश्न विचारावेत, काय चालू ठेवावे आणि काय बदलावे, आणि पाचव्या आठवड्यात त्यातील एक तरी गोष्ट बदलून दाखवावी, इतकी ही बाब सोपी आहे. तिला खर्च शून्य.

ग्राहक कोण?

येथे सावध होण्याची गरज आहे. लीन विचारातील पहिला प्रश्न ‘ग्राहकाच्या दृष्टीने मोल कशाला?’ असा असतो. विद्यार्थ्याला ग्राहक मानले तर त्याला जे आवडते तेच मोलाचे ठरते, आणि सोपी प्रश्नपत्रिका सर्वांनाच आवडते. हार्वर्डमध्येच लुई देलॉरिए आणि सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास याबाबत डोळे उघडणारा आहे. भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्यांना तोच विषय दोन रीतींनी शिकवला गेला, एकदा उत्तम व्याख्यानाने आणि एकदा वर्गात झगडायला लावून. चाचणीत दुसऱ्या रीतीने शिकलेल्यांना अधिक गुण मिळाले; पण आपण अधिक शिकलो असे मात्र व्याख्यान ऐकणाऱ्यांना वाटले. ओघवते व्याख्यान ऐकताना समजल्याचा भास होतो. स्वतः अडखळताना आपण ढ आहोत असे वाटते. अभिप्राय-अर्जातील गुणांवर शिक्षकाची बढती ठरवणाऱ्या संस्थेने हा अभ्यास जरूर वाचावा.

शिवाय विद्यार्थी नुसता घेणारा नाही. शिकण्याचे काम शेवटी त्यालाच करायचे असते, त्यामुळे उपमा द्यायचीच तर तो साखळीवरील कामगारही आहे. दोरी ओढण्याचा हक्क त्याला आहे तो ग्राहक म्हणून नव्हे, या नात्याने.

व्यवस्थापनशास्त्राचे अध्यापक बॉब एमिलियानी यांनी हा प्रयोग जाणीवपूर्वक केला. विमानांची इंजिने बनवणाऱ्या प्रॅट अँड व्हिटनी कंपनीत काम करून ते अमेरिकेतील रेन्सेलर पॉलिटेक्निक या संस्थेच्या हार्टफर्ड येथील केंद्रात शिकवू लागले. आपल्या नेतृत्व या विषयाच्या अभ्यासक्रमाची आखणी त्यांनी लीन तत्त्वांवर केली आणि त्याविषयी २००४ मध्ये लिहिले. पुढच्याच वर्षी संपूर्ण पदव्युत्तर अभ्यासक्रमावर ‘कायझेन’, म्हणजे काम करणाऱ्यांनीच एकत्र बसून करायची सततची छोटी सुधारणा, राबवल्याचा अनुभव त्यांनी मांडला. त्यांचे एक म्हणणे आपल्या दृष्टीने विशेष मोलाचे आहे. लीनच्या नावाने केवळ खर्च कापणाऱ्यांना ते खोटे लीन म्हणतात. टोयोटाने २००१ मध्ये आपली तत्त्वे लिहून काढली तेव्हा सततची सुधारणा आणि माणसांविषयी आदर असे दोन खांब सांगितले होते. दुसरा खांब काढून घेतल्यावर जे उरते त्याला कर्मचारीकपात म्हणतात.

एकगठ्ठा निकालांचा धडा

कार्यालयीन कामात या विचाराचा फायदा लवकर दिसतो, म्हणून विद्यापीठे तेथूनच सुरुवात करतात. ब्रिटनमधील सेंट अँड्र्यूज आणि कार्डिफ या विद्यापीठांनी २००६ च्या सुमारास त्यासाठी स्वतंत्र चमू नेमले. अर्ज किती टेबलांवरून फिरतो, कोठे पडून राहतो, कोणती सही खरोखर लागते, हे तपासणे हे त्यांचे मुख्य काम. आपल्या विद्यापीठांत मायग्रेशन प्रमाणपत्रासाठी खेटे घातलेल्या कोणालाही त्याचे महत्त्व पटवून द्यायला नको.

पण कार्यालय आणि वर्ग यांची गाठ निकालापाशी पडते. मुंबई विद्यापीठाने २०१७ च्या उन्हाळी परीक्षांसाठी एकाच हंगामात सर्व शाखांच्या उत्तरपत्रिका संगणकाच्या पडद्यावर तपासण्याचा निर्णय घेतला. १७ लाखांहून अधिक उत्तरपत्रिकांची प्रतिमा घ्यायची, त्या प्राध्यापकांपर्यंत पोहोचवायच्या आणि गुण गोळा करायचे, असा तो व्याप होता. राज्यपालांनी दिलेली ३१ जुलैची मुदत उलटली, निकाल पुढे महिनोन्‌महिने रखडले, परदेशी प्रवेश घेऊ पाहणाऱ्या विद्यार्थ्यांची कोंडी झाली आणि ऑक्टोबरमध्ये कुलगुरूंना पदावरून दूर करण्यात आले. तंत्रज्ञान चुकले की कंत्राट, यावर तेव्हा पुष्कळ चर्चा झाली. लीन आणि अ‍ॅजाइल दोन्हींच्या दृष्टीने दोष आणखी साधा आहे. गठ्ठा फार मोठा होता. लाखो उत्तरपत्रिका एकाच वेळी नव्या यंत्रणेत लोटल्यावर पहिली अडचण कळेपर्यंत मागे डोंगर उभा राहतो. एक शाखा, मग दुसरी, असे टप्पे पाडले असते तर चुका लहान असताना सापडल्या असत्या.

आता प्रश्न उरतो तो संलग्न महाविद्यालयातील शिक्षकाच्या हातात काय आहे याचा. अभ्यासक्रम अभ्यास मंडळ ठरवते, तो काही वर्षे तसाच चालतो, आणि विद्यापीठाची प्रश्नपत्रिका कोणी दुसराच काढतो. विद्यार्थ्यांना एखादे प्रकरण समजले नाही म्हणून शिक्षक दोन तास तेथेच थांबला, तर शेवटचे प्रकरण राहून जाते आणि प्रश्न नेमका त्यावर येतो. म्हणजे दोरी ओढणाऱ्यालाच दंड. स्वायत्त महाविद्यालयांना ही अडचण कमी आहे, कारण शिकवणे आणि परीक्षा घेणे तेथे एकाच छताखाली आहे. इतरांना अंतर्गत मूल्यमापनाचा भाग वापरता येतो. दुर्दैवाने तो बहुतेक ठिकाणी सत्राच्या अखेरच्या आठवड्यात एकगठ्ठा उरकला जातो. तोच चार तुकड्यांत वाटला, तर विद्यापीठाची कोणतीही परवानगी न घेता शिक्षकाला आपल्या वर्गाची नाडी वेळेवर कळू शकते. त्यासाठी महागडी यंत्रेही लागत नाहीत. चार रंगांच्या पुठ्ठ्याच्या पट्ट्या प्रत्येकाला दिल्या आणि उत्तराचा रंग एकदम वर करायला सांगितला, की कोठे धागा तुटला ते मंचावरून दिसते.

या सर्वांत न दिसणारा खर्च शिक्षकाच्या वेळेचा आहे. आदल्या रात्री साठ उत्तरे वाचणे, त्यातून तास नव्याने आखणे, दर पंधरवड्याला शेरे लिहिणे, हे काम व्याख्यानाहून जड आहे. महाराष्ट्रातील वरिष्ठ महाविद्यालयांत हे काम ज्यांच्याकडून अपेक्षित आहे त्यांतील बरेच जण तासिका तत्त्वावर नेमलेले आहेत. त्यांना मानधन मिळते ते घेतलेल्या तासांचे. उत्तरे वाचण्यात गेलेली रात्र त्या हिशेबात कोठेच येत नाही.